माशी ओली करून बघावी

वॉकली, शेफील्ड
१२ जून २०१२

मेव्हिसला,

माझी आयरीन गेली तेव्हा तू कार्ड पाठवलं होतंस, त्याच्या मागे हा पत्ता होता. त्याला तीन वर्षं झाली. आडनाव अजून स्टॅनिफोर्थच दिसलं. तू न्यूझीलंडच्या त्याच घरात राहतेस असं धरून लिहितो.

हे पत्र कामाचं आहे. खुशाली विचारायला मी बसलेलो नाही, आणि तूही मनाला लावून घेऊ नकोस.

काम असं, की बाबांची ती ट्राउट धरायची नकली माशी, पाणकोंबडीच्या पिसाची, नेमकी कशी बांधायची? गळ चौदा नंबरचा. पिवळं रेशीम. त्यावर चिचुंद्रीएवढ्या त्या मोल प्राण्याची लव, अगदी चिमूटभर. आणि पाणकोंबडीच्या पंखाखालचं धुरकट पीस, दोनच वेढे. एवढं मला माहीत आहे. एवढंच मी चाळीस वर्षं बांधतोय. तरीही मासा वर येतो, माशीच्या मागे दोन हात चालतो, बघतो आणि तोंड फिरवून जातो. कर वसूल करायला आलेल्या माणसाकडे बघून दार लावून घ्यावं तसा.

ओढ्याच्या वरच्या पाण्यात कधी अडलं नाही. तिथे आमचा मासेमारीचा क्लब तळ्यात वाढवलेले ट्राउट सोडतो, आणि त्या बिचाऱ्यांना पावाचा तुकडाही चालतो. पण हा मासा वेगळा आहे. हा खालच्या ओढ्यातला आहे.

हो, खालचा हॉलिन ओढा. तुझ्या डोळ्यांसमोर तो कसा असेल मला ठाऊक आहे. सोमवारी तांबडा, बुधवारी हिरवा, चमच्यांना मुलामा देण्याच्या कारखान्यात ज्या टाक्या धुतल्या असतील त्या रंगाचा. आई म्हणायची, ह्यात हात घातलास तर चमचा होऊन बाहेर येशील. तो कारखाना बंद पडून तीस वर्षं झाली. आता तिथे टायरचं दुकान आहे आणि त्याच्या मागे एक मोठं वाणसामानाचं दुकान. कुणीतरी त्यांची एक ढकलगाडी ओढ्यात लोटून दिली आहे, पादचारी पुलाच्या खाली, आडवी. एप्रिलमध्ये मी पावडर आणायला गेलो होतो, कपडे धुण्याची. पुलावर टेकलो. आणि त्या ढकलगाडीच्या मागे पाण्यावर एक वर्तुळ उठलं.

मेव्हिस, मी पिशवी तिथेच ठेवून पाऊण तास उभा राहिलो. सोनेरी पोट, अंगावर लाल ठिपके. अस्सल. कुणी सोडलेला नाही. बाबा म्हणायचे ना, एक दिवस मासे खाली येतील, आपण हसायचो.

आता अडचण. हॉरस रॅग क्लबचा अध्यक्ष आहे. हो, तोच. त्याने ठरवलंय की ओढा स्वच्छ झालाच आहे, तर येत्या मार्चमध्ये खालच्या पाण्यातही तळ्यातले चारशे मासे सोडायचे. मी म्हटलं, "हॉरस, तिथे घरचे मासे आहेत. हे धटिंगण सोडलेस तर ते जातील."

तो म्हणाला, "विल्फ, तू तिथे बूट बघितला असशील."

"ठिपके असलेला बूट?"

"तुझा चष्मा बदल, मग आपण ठिपक्यांचं बोलू."

शेवटी सभेत असं ठरलं. हंगाम संपतो तीस सप्टेंबरला. त्याआधी मी खालच्या ओढ्यातून नऊ इंचांच्या वरचा एक ट्राउट माशीने धरायचा, क्लबच्या दोन सभासदांसमोर, आणि जिवंत परत सोडायचा. नऊ इंच म्हणजे वीतभर. एवढा व्हायला त्याला इथे तीन हिवाळे काढावे लागतात, म्हणजे तो पाहुणा नव्हे. धरला तर ओढा घरच्या माशांचा. नाही धरला तर मार्चमध्ये चारशेची गाडी येणार.

तर माशीचं तेवढं कळव. बाबांनी बोटाला बोट लावून तुलाच शिकवलं. मी फक्त बघायचो.

विल्फ


१५ जुलै

मेव्हिस,

तुझं उत्तर आलं नाही. टपाल लांबचं आहे, मी घाई करत नाही. पण हंगामाचे अकरा आठवडे उरलेत म्हणून लिहितो.

रोज संध्याकाळी जातो. गुडघ्यांवर बसून, कारण उभं राहिलं की तो सावली बघतो. वर आल्डर झाडाच्या फांद्या इतक्या खाली, की गळाची काठी मागे नेली की माशी झाडाला. आतापर्यंत मी त्या झाडाला एकोणीस माश्या बांधल्यात. नाताळला दिवे लावायची गरज नाही.

दोनदा तो माझ्या माशीपर्यंत आला. नाक लावलं म्हण ना. आणि गेला. मी घरी येऊन माशी दिव्याखाली धरून बघतो. काही चूक दिसत नाही. रेशीम सरळ, पीस सरळ. जन्मभर सुऱ्यांना धार लावली, माझ्या हाताखालून वाकडी गोष्ट जात नाही, हे तू पण कबूल करशील.

काल हॉरस पुलावर येऊन उभा राहिला. हातात मांसाची पेस्ट्री, तुकडे माझ्या डोक्यावर पाडत. म्हणाला, "कसं काय? मासा येईना, ओढा वाकडा?"

आमची राखणदार जीन हॅटर्सली शेजारी होती. बाई पन्नाशीची आहे, क्लबात वीस वर्षं आहे आणि आमच्यापेक्षा जास्त मासे धरते. ती म्हणाली, "हॉरस, तुझी सावली पाण्यावर पडते आहे. तेवढी सावली पडली तर देवमासाही पळेल."

मी हसलो, आणि मग घरी जाताना मला बरं वाटेना. जीनला क्लबात घेतलं तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही. तोवर काळ बदलला होता. तुझ्या वेळी बदललेला नव्हता, असं आपण सगळे म्हणत आलो.

ती मतदानाची पेटी अजून आहे. वरच्या भोकातून मनगटापर्यंत हात घालायचा, मुठीत दोन गोट्या, एक पांढरी एक काळी, त्यातली एक सोडायची, कुणाला कळू नये. सगळ्या पांढऱ्या पडल्या तर माणूस आत, एक जरी काळी पडली तरी बाहेर. आणि बाहेर म्हणजे कायमचा. त्याचं नाव क्लबच्या कुठल्याच वहीत येत नाही, पुन्हा मांडताही येत नाही. ज्याने काळी टाकली त्यानेच सभेत उभं राहून तसं सांगितलं तरच ते नाव सुटतं. आणि असं आजवर कोण उभं राहिलंय!

नोव्हेंबर १९७० मध्ये तुझ्या नावाला एकवीस पांढऱ्या पडल्या आणि एक काळी. लोक तेव्हापासून म्हणतात की ती हॉरसची. त्याने त्या सभेत म्हटलं होतं, बायका आल्या तर आम्हाला ओढ्याकाठी शिव्या देता येणार नाहीत. तेव्हापासून त्याला सगळे "गोटीवाला" म्हणतात. त्याच्या मुलीच्या लग्नातसुद्धा कुणीतरी म्हणालं.

हे सगळं मी का लिहितोय कळत नाही. मी माशीचं विचारायला बसलो होतो.

खुंटीवर बाबांची काठी आहे. ती बांबूच्या चिपांची, सात फुटी. मी तीच वापरतो. नियम तोच ना, घरातला जो सभासद त्याची काठी. बाबा गेले तेव्हा घरातला सभासद मी एकटाच होतो.

विल्फ


२८ ऑगस्ट

प्रिय मेव्हिस,

काड्यापेटी पोचली.

मी आधी पाकीट तीनदा उलटं केलं. चिठ्ठी नव्हती. ठीक आहे. काड्यापेटीत कापसावर तीन माश्या, आणि कोपऱ्यात कागदाच्या पुडीत वाटाण्याएवढा काळा गोळा. मला वाटलं औषध आहे. मग मी तो नाकाशी नेला.

बाबांचा कोटाचा खिसा! डांबर, राळ आणि तंबाखू. मोची दोऱ्याला लावतात ते काळं मेण.

तर हे होतं ते. मी चाळीस वर्षं दुकानातलं पांढरं मेण लावत आलो, कारण ते स्वच्छ दिसतं, रेशीम कसं लखलखीत पिवळं राहतं. तुझ्या माश्या बघून खरं सांगतो, पहिल्यांदा वाटलं, म्हातारीचे हात गेले. मळकट, काळपट, लव इतकी विरळ की खालचा दोरा दिसतो. पीस पण पाणकोंबडीचं नाही, तिकडच्या कुठल्यातरी पक्ष्याचं, निळसर झाक असलेलं. मी त्या ठेवून दिल्या आणि चहा केला.

मग आठवलं. बाबा माशी बांधून झाली की काय करायचे? तोंडात घालायचे. आई ओरडायची, गळ गिळाल एक दिवस. तू पण तेच करायचीस, गालात घालून माझ्याकडे बघून हसायचीस, आणि मी म्हणायचो, शी! बाबा म्हणायचे, "मासा कोरडा कुठे असतो रे? माशी ओली करून बघावी."

मी तुझी एक तोंडात घातली. मेण कडू. बाहेर काढून खिडकीशी धरली. मेव्हिस, तो पिवळा रंग गेला होता. ऑलिव्हच्या फळासारखा हिरवट, आतून उजेड आल्यासारखा. पुलाखाली जी जिवंत माशी उडते, अगदी तिच्या पोटाचा रंग. मग मी माझी ओली केली. ती पिवळीच राहिली. खेळण्यातल्या बदकासारखी पिवळी. मी चाळीस वर्षं कोरडी माशी बघून खूश होत होतो.

आता तुझी माशी पाण्यात टाकायची, तर पोटातली एक गोष्ट आधी बाहेर काढायला हवी. मी तीन दिवस हे वाक्य लिहितो आणि फाडतो.

ती काळी गोटी माझी होती.

हॉरसची नाही. माझी. मी क्लबचा चिटणीस होतो, तुझं नाव मीच मोठ्याने वाचलं, आणि मग पेटीत हात घातला. बायका नकोत म्हणून नव्हे. तेवढं तरी कारण असतं तर मी मूर्ख ठरलो असतो, आणि मूर्खपणाला औषध आहे. कारण असं, की तू आत आलीस तर बाबांची काठी तुला गेली असती. सभेआधी बाबांनी हॉस्पिटलात मला सांगितलं होतं, "काठी मेव्हिसच्या हातात शोभते." हेही मी तुला कधी सांगितलं नाही. तू अकरा वर्षांची असताना पुलाखाली माशी बोटांत धरायचीस, काठी धनुष्यासारखी वाकवायचीस आणि सोडून द्यायचीस, आणि ती जाऊन बरोब्बर फांदीखाली पडायची. मी तेव्हा सोळाचा होतो आणि मला जमत नव्हतं. मी म्हणायचो, पोरींचे चाळे.

तू फेब्रुवारीत जहाजावर चढलीस. मी धक्क्यावर सुद्धा आलो नाही. काम आहे म्हणालो. काम नव्हतं.

माफी मागायची मला सवय नाही, कशी मागतात ते माहीत नाही. हे पत्र मी आधी टपालात टाकतो, मग ओढ्यावर जातो. उलट केलं तर मासा लागल्यावर मी पत्र टाकणार नाही, मी मला ओळखतो.

तुझा भाऊ,
विल्फ


१ ऑक्टोबर, सकाळी

मेवी,

तुझ्याकडून काही आलं नाही आणि का येईल! तरीही काल जे झालं ते आधी तुलाच सांगायचं आहे. मी अंथरुणात बसून लिहितोय, पायाशी गरम पाण्याची पिशवी. सर्दी झाली आहे. सर्दी होण्याजोगंच झालं.

तुझी पहिली माशी आल्डरने घेतली. तो माझा दोष. दुसरी त्याने घेतली, बारा सप्टेंबरला, पहिल्याच फेकीला! मेवी, त्याने बघितलंही नाही, सरळ घेतली, आणि दोर ढकलगाडीच्या जाळीत नेऊन तोडला. साक्षीला एक खार होती. खार सभासद नाही.

मग एकच उरली. आणि पाऊस लागला. दोन आठवडे ओढा गढूळ. मी काळं मेण लावून स्वतः चार बांधल्या, बऱ्या होत्या, पण त्या ठेवून दिल्या. शेवटचा दिवस तुझ्या माशीसाठी ठेवला.

काल दुपारी पाणी निवळलं. माळावरून येतं तसं, कोऱ्या चहाच्या रंगाचं. चार वाजता हॉरस आणि जीन आले. हॉरसने घडीची खुर्ची आणली होती. नाटक बघायला बसावं तसा मागे बसला.

"सहाला हंगाम बंद," तो म्हणाला.

"सूर्य मावळेपर्यंत," जीन म्हणाली. "नियम वाच."

"मी अध्यक्ष आहे."

"म्हणूनच म्हणते, वाच."

मी गुडघ्यांवर. ढकलगाडीच्या मागे तो होता, दर दोन मिनिटांनी नाक वर. पण फांदी पावसाने आणखी खाली आली होती. फेकायला जागाच नाही. खांदा तर माझा गेल्या वर्षीपासून वर जात नाही. मी दोनदा काठी उचलली आणि खाली ठेवली. मागून हॉरस म्हणाला, "काय रे, प्रार्थना चालली आहे का?"

आणि मग मी, चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, पोरींचे चाळे केले.

माशी तोंडात घातली. बाहेर काढून रंग बघितला. गळाच्या वाकावर दोन बोटांत धरली, बाबांची काठी वाकवली, जेवढी वाकेल तेवढी, आणि सोडली. टक्. फांदीखालून गेली, तुझी जायची तशीच, आणि ढकलगाडीच्या वरच्या अंगाला पडली. वीतभर वाहिली. दोर थांबला. मी नुसतं मनगट उचललं.

पुढचं मला नीट आठवत नाही, जीनने सांगितलं ते लिहितो. तो वर उडाला, पूर्ण पाण्याबाहेर. मग ढकलगाडीच्या जाळीकडे निघाला. मी म्हणालो, "नाही बेट्या, ह्या वेळी नाही," आणि उठून सरळ ओढ्यात उतरलो. दगड शेवाळलेला. मी कमरेपर्यंत खाली बसलो. हॉरस खुर्ची पाडून काठावर आला आणि ओरडला, "काठी वर! काठी वर धर! मेलास तरी चालेल, काठी वर धर!" अध्यक्ष कुणाच्या बाजूने ओरडतोय ते त्यालाच कळत नव्हतं. पुलावर वाणसामान घेऊन सहा-सात माणसं उभी राहिली. एका बाईने विचारलं, "त्या आजोबांना बाहेर काढायचं का?" जीन म्हणाली, "हात लावाल तर खबरदार."

मी त्याला खाली आणला, दगडांच्या शांत पाण्यात, आणि जीनने दांड्याची जाळी घातली. पितळी पट्टी ओली करून त्याच्या शेजारी धरली. सव्वादहा इंच.

हॉरस गुडघ्यांवर बसला. त्याला बसता येत नाही, पण बसला. त्याने शेपटी बघितली. तळ्यातल्या माशांची शेपटी सिमेंटला घासून बोथट झालेली असते. ह्याची नव्या सुरीसारखी, कडा न कडा धारदार. पोट लोण्यासारखं पिवळं, लाल ठिपक्यांना निळी किनार. हॉरसने टोपी काढली. म्हणाला, "विल्फ, हा इथलाच आहे रे." मी दोन्ही हातांनी त्याला प्रवाहात धरून ठेवला. त्याने दम खाल्ला, आणि गेला. आपल्या ढकलगाडीच्या घरी.

पुलावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. काय झालं ते त्यांना माहीत नव्हतं, पण वाजवल्या.

मग हॉरसने ओढ्याची वही काढली. तारीख लिहिली. जागा लिहिली. लांबी लिहिली. "माशी?"

"पाणकोंबडी, बाबांच्या हातची रीत."

"बांधणारा? तूच ना?"

"नाही. मेव्हिस स्टॅनिफोर्थ."

त्याची पेन्सिल थांबली. म्हणाला, "ते नाव वहीत घेता येत नाही, विल्फ. तुलाही माहीत आहे. ज्याने काळी टाकली तो उभा राहिल्याशिवाय."

मी अजून पाण्यात होतो, बुटांत ओढा भरलेला. मी म्हटलं, "हॉरस, मी उभाच आहे."

त्याला कळायला वेळ लागला. जीनला आधी कळलं, ती पुलाकडे बघू लागली. मग हॉरसचा चेहरा लाल झाला.

"चाळीस वर्षं," तो म्हणाला. "चाळीस वर्षं मला गोटीवाला म्हणतात! आणि तू माझ्या शेजारी बसून हसायचास!"

"हो."

"माझ्या मुलीच्या लग्नात!"

"हो. मी तेव्हाही हसलो."

"गाढवा, मी पांढरी टाकली होती! ते शिव्यांचं मी उगाच बोललो, सगळे बोलत होते म्हणून. मी तर, मी तर तिला त्या नाताळच्या नाचाला विचारणार होतो. आणि तिने माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी मेलेला उंदीर आहे!"

मला वाटलं, हा आता मला पुन्हा ओढ्यात लोटणार. लोटलं असतं तर मी तक्रार केली नसती. त्याने नाक शिंकरलं. मग हात पुढे केला आणि मला बाहेर ओढलं. वर आल्यावर म्हणाला, "हे माफ केलं असं समजू नकोस. तू भिजलायस म्हणून हात दिला."

वही त्याने कोटात ठेवली. ती ओळ अजून अर्धी आहे. सभेत मला पुन्हा उभं राहावं लागेल, कोरडा.

तुझा थोरला,
विल्फ


२६ नोव्हेंबर

मेवी,

सभा झाली, आणि दुसऱ्या दिवशी तुझं पोस्टकार्ड आलं. एवढं सगळं एका आठवड्यात, माझ्या वयाला झेपत नाही. क्रमाने सांगतो.

अकरा तारखेला सकाळी दार वाजलं. हॉरस. त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलत नव्हता. म्हणाला, "कोट घाल. बोलू नकोस, चल." पुलावर नेलं. स्वतः आधी तासभर तिथेच उभा होता असं दिसलं, मिशीवर दव. खाली पाण्यात, ढकलगाडीच्या वरच्या अंगाला, दोन माशांनी जेवणाच्या ताटाएवढा गोटा-वाळूचा तळ घासून पांढरा केला होता. मादी अंग तिरकं करून शेपटीने खडी उडवत होती. आणि तिच्या शेजारी आपला तो. अंडी घालत होते, मेवी! मुलाम्याच्या कारखान्याखाली! आम्ही दोघं कठड्याला टेकून बघत राहिलो. हॉरस म्हणाला, "तुझे बाबा असते तर?" मी म्हटलं, "म्हणाले असते, सांगितलं नव्हतं?" तो हसला. मग म्हणाला, "चारशेची गाडी मी रद्द केली." आणि मला पेस्ट्रीचा अर्धा तुकडा दिला.

सभा सोळाला. जीनने काकवी घातलेला पार्किन केक आणला होता, म्हणून हजेरी पूर्ण. मी उभा राहिलो. घरून चार ओळी लिहून नेल्या होत्या, चष्मा विसरलो. तसंच बोललो. काळी मी टाकली, काठीसाठी टाकली, आणि हॉरस रॅगने पांढरी टाकली होती. मला वाटलं आता मला काढतील. मग मागून म्हातारा कुणीतरी ओरडला, "म्हणजे आता गोटीवाला कोणाला म्हणायचं?" हॉरस म्हणाला, "मी हा किताब विल्फला सन्मानाने देतो." हशाने छप्पर उडालं. आता मला तेच म्हणतात. पोस्टवालासुद्धा.

मग हॉरसने तुझं नाव मांडलं. स्वतः. पेटी फिरली. मी हात घातला, मेवी, आणि बोटांनी ती गोटी दोनदा चाचपली, आंधळ्यासारखी, चुकू नये म्हणून. पेटी टेबलावर उलटी केली. सव्वीस पांढऱ्या. जीनने दोनदा मोजल्या. हॉरसने तिथल्या तिथे वही उघडून अर्धी ओळ पुरी केली. "बांधणारी: मेव्हिस स्टॅनिफोर्थ, सभासद." ह्या क्लबाच्या वहीत दुसऱ्या कुणाच्या नावापुढे "सभासद" लिहिलेलं नाही. तुझ्याच पुढे आहे, शाई दाबून.

आणि दुसऱ्या दिवशी तुझं कार्ड. ते मी इतक्यांदा वाचलंय की पाठ झालंय, तरी उतरवून काढतो, हात सुखावतो म्हणून.

"विल्फ, ते मला त्याच दिवशी कळलं होतं. सभेहून घरी येऊन तू माझे बूट पॉलिश करून ठेवलेस. जन्मात कधी केले नव्हतेस. माश्या तरीही पाठवल्या, कारण ओढा बाबांचा. मनातला राग पुष्कळ वर्षं जपला, पण तो मी कोरडाच बघत होते. तू स्वतः लिहिशील का, एवढंच बघायचं होतं. पंचवीस मार्चला हंगाम उघडतो ना? तिकीट काढलंय. हॉरसला सांग, नाच मला अजून येतो, त्याने आधी दात नीट बसवून घ्यावेत. मेवी."

हॉरसला सांगितलं. त्याने काल दातांच्या डॉक्टरची वेळ घेतली.

तुझं सभासदाचं कार्ड सोबत पाठवतोय, विमानात जपून आण. बाबांची काठी मी क्लबच्या खुंटीवर टांगली आहे, खाली तुझ्या नावाची चिठ्ठी. तीस सप्टेंबरनंतर मी तिला हात लावलेला नाही. मोच्याकडून काळं मेण आणलंय, मुठीएवढं, आपल्या दोघांना मरेपर्यंत पुरेल.

आणि तुझ्या मापाचे रबरी बूट घेतले आहेत, चार नंबरचे, मांडीपर्यंतचे. नवे कोरेच आहेत. तरी पुसून दाराशी ठेवलेत.

तुझा,
विल्फ